पहिल्या रांगेतले अनोळखी गृहस्थ

हिंटरबाख या गावात एकही इंग्रज राहत नाही. फार वर्षांपूर्वी एक आला होता, पण त्याला हे संगीत माहीत नव्हतं. तरीही दर मे महिन्यातल्या एका शनिवार-रविवारी तिथल्या चर्चमध्ये चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी संगीत वाजतं, आणि ते ऐकायला आसपासच्या गावांतून सत्तर-ऐंशी माणसं जमतात. त्यातली साठ दर वर्षी तीच असतात. उरलेली दहा-वीस बदलतात, आणि श्रोत्यांचं एकंदर वय बघता ते साहजिकच आहे.

यंदाच्या नव्या श्रोत्यांत सुमितचे वडील होते.

सुमित कार्ल्सरूहेजवळच्या एका कंपनीत मोटारींचा आवाज कमी करण्याचं काम करायचा. गाडीत कुठे काय खडखडतंय ते शोधायचं आणि त्याला गप्प करायचं. दिवसभर आवाज मारणाऱ्या माणसाला संध्याकाळी आवाज काढावासा वाटतो, म्हणून तीन वर्षांपूर्वी तो व्हायल शिकायला लागला. व्हायल म्हणजे दोन गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं सहा तारांचं वाद्य. दिसायला व्हायोलिनच्या थोरल्या बहिणीसारखं, जिचं लग्न ठरलं नाही पण वाचन खूप आहे. हिंटरबाखच्या फराइनमध्ये, म्हणजे तिथल्या संगीत मंडळात, व्हायल वाजवणाऱ्या पाच जणांचा एक संच होता. त्यातले एक आजोबा वारले, जागा रिकामी झाली आणि सुमितला प्रोबेत्साइटवर, म्हणजे उमेदवारीवर, घेण्यात आलं. नोकरीतली प्रोबेत्साइट सहा महिन्यांत संपते. ही दीड वर्ष चालू होती. आज दुपारी तीनला तो पहिल्यांदा लोकांसमोर वाजवणार होता, आणि ते नीट पार पडलं तर त्याला फराइनच्या कपाटाची किल्ली मिळणार होती. कपाटात जुन्या वह्या, दोन मोडके गज आणि एक कॉफीचं यंत्र होतं. पण किल्ली असलेला माणूस आणि नसलेला माणूस यांत हिंटरबाखमध्ये फरक करतात.

वडील, म्हणजे आत्माराम, म्हणजे आप्पा, इस्लामपूरहून तीन महिन्यांसाठी आले होते. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात घरोघरचे मीटर वाचायचे, आता निवृत्त. ते गात नव्हते, वाजवत नव्हते. ते ऐकायचे. पंचक्रोशीत कुठे गाणं असलं की लोक आधी तबलजी ठरवायचे आणि मग आप्पांना निरोप धाडायचे, कारण पुढे आप्पा बसलेले नसले की गवयाला भिंतीला गाणं ऐकवल्यासारखं वाटायचं. त्यांची दाद साधी होती. एखादी जागा मनासारखी आली की त्यांची मान डावी-उजवी हलायची, सरळ नकार दिल्यासारखी. त्याहून बरी आली की जीभ टाळूला लागून च्-च्-च् व्हायचं. आणि अगदीच सहन झालं नाही, की कपाळावर हात मारून ते हळूच म्हणायचे, "अरेरेरे." लांबून बघणाऱ्याला वाटावं, यांच्या घरात काहीतरी वाईट घडलंय. गवई मात्र त्या एका अरेरेरेसाठी अर्धा तास जास्त गायचे.

शनिवारी सकाळी निघताना आईचा फोन आला होता. वासंतीबाईंच्या गुडघ्यांना विमान झेपत नव्हतं, त्यामुळे त्या इस्लामपूरहूनच कारभार बघत.

"त्यांना पुढं बसू देऊ नको," त्या म्हणाल्या. "तुझ्या काकाच्या लग्नात बँडवाल्यांना एवढी दाद दिली, की ते दोन दिवस राहिले."

"मी सांगितलंय, आई."

"सांगून काय होतंय. नाक बघ तुमचं दोघांचं. एक नाक, एक हट्ट."

नाकाचं खरं होतं. ते नाक मधेच विचार बदलून डावीकडे वळलेलं होतं, आणि घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या तसंच वळत आलं होतं.

दोघांचं मिळून एक दिवसभराचं तिकीट सुमितने खिशात ठेवलं आणि चाळीस मिनिटांत ते हिंटरबाखला उतरले. सुमितला नऊला तालमीला हजर व्हायचं होतं. त्याने आप्पांना ओढ्याकाठच्या बाकावर बसवलं. अंगात आईने विणलेला मोहरीच्या रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर, पायांत सुमितचेच जुने बूट, आणि मांडीवर कापडी पिशवी, जिच्यावर 'सौभाग्य वस्त्रनिकेतन, एसटी स्टँडसमोर' असं ठसठशीत लिहिलेलं. सुमितला त्या पिशवीची लाज वाटायची. आपल्याला लाज वाटते याचीही वाटायची, पण ही दुसरी लाज पहिलीइतकी जोरकस नव्हती.

"आप्पा, अकराला समोरच्या चर्चमध्ये या. आणि शेवटच्या रांगेत बसा, खांबाच्या मागे. तिथे सगळ्यात छान ऐकू येतं."

हे खोटं होतं. कुठल्या जागेवर काय ऐकू येतं हे सुमितला व्यवसायाने माहीत होतं, आणि ती जागा खांबामागे नव्हती.

"बरं," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी पिशवीतून दशम्यांचा डबा काढला.

अकराला येन्स नावाचा तरुण ल्यूट वाजवणार होता. त्यासाठी तो ड्रेस्डेनहून आला होता. ल्यूट हे अर्ध्या भोपळ्यासारखं तंतुवाद्य इतकं हळू बोलतं, की ऐकणाऱ्याच्या पोटातला आवाज त्याच्या वर जातो. सुमित संचातल्या मंडळींबरोबर बाजूच्या दाराशी उभा होता. पहिली रांग नेहमीप्रमाणे रिकामी होती. चर्चमध्ये पुढे बसायला जर्मन माणूस बुजतो. रिकामी म्हणजे, मधोमध मोहरीचा स्वेटर सोडून.

पहिली रचना शांततेत गेली. दुसऱ्या रचनेत येन्सने काहीतरी नाजूक केलं, आणि आप्पांची मान हलली. येन्सने ते पाहिलं. तो किंचित सावध झाला. सावध होऊन त्याने आणखी नाजूक काहीतरी केलं. च्-च्-च्. दगडी चर्च होतं, त्यामुळे ते च्-च्-च् मागच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आलं. साठ जुन्या श्रोत्यांनी माना वर केल्या. तिसऱ्या रचनेत येन्सची बोटं एका ठिकाणी अडखळल्यासारखी झाली, कुठेतरी भलतीकडे गेली आणि परत आली. आप्पांनी कपाळावर हात मारला.

"अरेरेरे," ते म्हणाले.

येन्सने रचना संपवली, शेवटच्या दोन गाळल्या, वाकून नमस्कार केला आणि तो निघून गेला. कार्यक्रम बारा मिनिटं आधी संपला. हिंटरबाखमध्ये गेल्या चाळीस वर्षांत काहीही बारा मिनिटं आधी संपलं नव्हतं. लोक घड्याळं बघत बसून राहिले.

त्यानंतर अंगणात कॉफी होती. फ्राऊ ओबर्ले, म्हणजे फराइनच्या अध्यक्ष, संचाच्या प्रमुख आणि लॅटिनच्या निवृत्त शिक्षिका, अशा तिघी एकाच बाईत, सुमितकडे आल्या. संचातले बाकीचे तिघे त्यांच्या मागोमाग होते. फ्राऊ ओबर्लेंनी हातातला चमचा केकच्या टेबलाकडे रोखला. तिथे आप्पा रुबार्बच्या, म्हणजे आंबट देठांच्या, केकचा तुकडा उचलून खालून बघत होते.

"पहिल्या रांगेतले ते गृहस्थ," त्या म्हणाल्या. "तुमच्या ओळखीचे आहेत का?"

सुमितला एक क्षण मिळाला होता. त्या क्षणात त्याला चमचा दिसला, स्वेटर दिसला, एसटी स्टँडसमोर दिसलं, आणि किल्ली दिसली.

"नाइन," तो म्हणाला.

मराठीत 'नाही' म्हटल्यावर माणसाला मागे फिरायला वाव असतो. नाही म्हणजे तसं नाही, पण आता तुम्ही म्हणताच आहात तर, असं करत करत हळूहळू होपर्यंत पोचता येतं. 'नाइन'च्या मागे दार लागतं आणि कडी पडते. सुमितने वळून बघितलं. आप्पा त्याच्याकडेच बघत होते.

दोन महिन्यांत आप्पांना चार जर्मन शब्द येऊ लागले होते. डांके म्हणजे आभार, जा म्हणजे हो, गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर, आणि नाइन. त्यातला शेवटचा सगळ्यात पक्का होता, कारण तो सुमितच्या तोंडी जास्त असायचा. चमचा कुणाकडे होता आणि उत्तर काय आलं, एवढं समजायला पाचव्या शब्दाची गरज नव्हती.

आप्पांनी केक बशीत ठेवला. मग ते शांतपणे चालत आले आणि एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला करावा तसा त्यांनी सुमितला नमस्कार केला.

"आपण मराठी का?" त्यांनी विचारलं. "वा. परमुलखात आपलं माणूस भेटलं की बरं वाटतं."

"आप्पा," सुमित दबक्या आवाजात म्हणाला.

"आप्पा मला माझा मुलगा म्हणतो. आपला काहीतरी गैरसमज होतोय, साहेब."

"आप्पा, प्लीज. मी तुम्हाला नंतर—"

"तुम्ही दोघं एकच भाषा बोलता?" फ्राऊ ओबर्लेंचा चेहरा उजळला. "हे फार उत्तम झालं. येन्स आत बसलाय आणि दुपारी वाजवणार नाही म्हणतोय. या गृहस्थांना नेमकं काय आवडलं नाही, हे कळल्याशिवाय तो वाद्याला हात लावणार नाही. तुम्ही दुभाषाचं काम करा."

"फ्राऊ ओबर्ले, मला आधी एक सांगायचंय."

"नंतर. येन्सची दुपारी तीन पंचेचाळीसची वेळ आहे."

चर्चमागच्या खोलीत येन्स बंद पेटीसमोर बसला होता. पेटीत ल्यूट होतं, पण त्याच्या चेहऱ्यावरून पेटी वेगळ्याच कामाची वाटत होती. फ्राऊ ओबर्लेंनी आप्पांना खुर्ची दिली, स्वतः वही घेतली आणि सुमितला मधे बसवलं.

"आधी त्यांचं नाव विचारा."

सुमितने आप्पांकडे पाहिलं. "आप्पा, मला माफ करा," तो मराठीत म्हणाला. "तोंडून गेलं. मी आत्ता सांगतो त्यांना."

"काय म्हणालात? बरंच लांब होतं," फ्राऊ ओबर्ले म्हणाल्या.

"त्यांना... बसायला नीट आहे ना, ते विचारलं."

फ्राऊ ओबर्ले उठल्या आणि त्यांनी कोपऱ्यातून एक उशी आणली. आप्पांनी ती पाठीशी घेतली.

"उशी कशापायी?" त्यांनी विचारलं.

"आप्पा, ऐका ना."

"नाव विचारतायत ना बाई? आत्माराम सांगा. आडनाव राहू द्या. तुमचंही तेच निघायचं, आणि मग पंचाईत."

सुमितने नाव सांगितलं. फ्राऊ ओबर्लेंनी ते वहीत लिहिलं.

"मुक्काम कुठे आहे?"

"कार्ल्सरूहेला," आप्पा म्हणाले. "एका ओळखीच्या मुलाकडे. चांगला आहे. सोय ठेवतो. फक्त लोकांत बोलत नाही."

सुमितने मुक्काम कार्ल्सरूहेला एवढंच भाषांतर केलं. फ्राऊ ओबर्ले लॅटिन शिकवत असत. वाक्य आणि त्याचं भाषांतर यांच्या लांबीतला फरक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. "आणखीही काही म्हणाले," त्यांनी पेन थांबवून आठवण करून दिली.

"एका ओळखीच्या मुलाकडे," सुमित म्हणाला. त्याचे कान तापले होते. "चांगला मुलगा आहे म्हणाले."

"त्यांना स्वतःला मुलंबाळं?"

हा प्रश्न सुमितला मराठीत विचारावा लागला. तो त्याने जमिनीकडे बघून विचारला.

"एक आहे," आप्पा म्हणाले. "लहानपणी मैफलीत माझ्या मांडीवर झोपायचा. दाद देताना माझा हात हलला की जागा व्हायचा आणि रडायचा. म्हणून मी सहा वर्षं एकाच हाताने दाद दिली. हे सांगा त्यांना. सगळं सांगा, मधलं गाळू नका."

सुमितने सगळं सांगितलं. जर्मन वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि तिथपर्यंत पोचायला दम लागतो, ही त्याची नेहमीची तक्रार होती. आज क्रियापदापाशी पोचून त्याचा आवाज फाटला. फ्राऊ ओबर्लेंनी त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. परक्या माणसाच्या बाबतीतही किती हळवा आहे हा, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. सुमितने पेला बाजूला सरकवला.

मग येन्सने मान वर केली. "मी कुठे चुकलो, ते विचारा."

"चुकला?" आप्पा म्हणाले. "कोण म्हणतं? अहो, असं ऐकून वर्षं झाली."

"मग तुम्ही मान का हलवत होतात, विचारतोय तो. आणि कपाळावर हात."

"मग काय ढिम्म बसू? एवढं गोड वाजवल्यावर मान नको म्हणतेच. म्हणजे बास आता, किती सुख द्यायचं माणसाला. हे यांच्याकडे नाही?"

सुमितने ते जमेल तसं समजावलं. आमच्याकडे फार आवडलं की नको म्हणायची पद्धत आहे, असं. येन्स खुर्ची आप्पांकडे वळवून बसला. मग त्याने विचारलं, कपाळावर हात नक्की कुठे मारला. आप्पांनी ती जागा गुणगुणून दाखवली, सूर सोडून बाकी सगळं बरोबर.

येन्सचे डोळे भरून आले. "तिथे माझं बोट घसरलं होतं," तो म्हणाला. "ते मूळ रचनेत नाहीच. मी कसाबसा परत आलो."

"कळलं होतं की मला," आप्पा म्हणाले. "घसरतात सगळेच. तो लपवायला गेला नाही, त्याच वाटेने परत आला. अरेरेरे त्याला होतं." आणि त्यांनी सुमितकडे अजिबात बघितलं नाही.

बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं सुमितला वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत त्याने फ्राऊ ओबर्लेंना दोनदा गाठलं. पहिल्यांदा त्या खुर्च्या मोजत होत्या. दुसऱ्यांदा त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की आज तुमच्यामुळे महोत्सव वाचला, आता तुम्ही फक्त तुमचे सूर मोजा. आप्पांना त्याने ओढ्याकाठी गाठलं. ते येन्सला दशमी खाऊ घालत होते.

"मी आत्ताच्या आत्ता सांगून टाकतो, आप्पा."

"कशाला, साहेब? चांगला कार्यक्रम चाललाय लोकांचा. ओळख नाही म्हणालात, नाही तर नाही. दशमी घेणार का? संकोच करू नका. माझ्या मुलाला फार आवडतात, पण तो काही आला नाही आज."

सुमितने दशमी घेतली. ती खाऊन होईपर्यंत घंटा झाली.

तीन वाजता चर्च भरलं होतं. पाच खुर्च्या अर्धगोल मांडलेल्या होत्या. सुमितने व्हायल गुडघ्यांत धरलं. पहिल्या रांगेत आप्पांच्या खुर्चीवर 'सन्माननीय पाहुणे' अशी चिठ्ठी लावलेली होती. फ्राऊ ओबर्ले पुढे आल्या आणि त्यांनी वही उघडली.

त्यांनी भारतातून आलेल्या जाणकार श्रोत्याचा परिचय करून दिला. मग दाद या पद्धतीची माहिती दिली, तीन पायऱ्यांमध्ये, आणि श्रोत्यांकडून ती करून घेतली. सत्तर माणसांनी आधी माना हलवल्या. मग सत्तर जिभा टाळूला लागल्या. डाव्या बाजूचं नीट झालं नाही, म्हणून डाव्या बाजूला परत करायला लावलं. कपाळावरचा हात फक्त निकडीच्या प्रसंगी, अशी सूचना झाली. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, चष्मा असलेल्यांनी काय करायचं. आप्पांनी स्वतः उभं राहून चष्म्याच्या वर कसा मारायचा ते दाखवलं.

"आणि शेवटी," फ्राऊ ओबर्ले म्हणाल्या, "आपल्या सुमितचे आभार. हे गृहस्थ त्याचे कोणीही नाहीत. तरीही त्याने स्वतःची जेवणाची सुट्टी त्यांच्यासाठी खर्च केली. अनोळखी माणसासाठी इतकं करणारे तरुण आता कुठे दिसतात?"

आणि त्यांनी त्याला वाइनची एक बाटली दिली, गळ्यात फीत बांधलेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत आधी आप्पांनी.

सुमितच्या एका हातात व्हायल, दुसऱ्या हातात गज, त्यामुळे बाटली त्याच्या पायाशी ठेवण्यात आली. धरणी दुभंगून पोटात घेते असं म्हणतात, पण चर्चची फरशी जाड होती. त्याने सांगायला तोंड उघडलं. फ्राऊ ओबर्लेंनी आपल्या खुर्चीवर बसून गज उचलला, श्वास घेतला, आणि रचना सुरू झाली.

ती रचना पाच जणांची. चार जण एकमेकांच्या मागे धावतात, लपतात, सापडतात. पाचवा एका जुन्या प्रार्थनेचे लांबलचक सूर धरून बसतो, एकेक सूर आठ मोजेपर्यंत, असे पन्नासच्या वर. ते काम नवशिक्याला देतात. बोटं फार हलवायची नसतात, पण मोजणं चुकलं तर चौघांच्या पायांखालची जमीन जाते. सुमित ती जमीन होता.

पंधरा सूर नीट गेले. लोकांनी दाद द्यायला सुरुवात केली, अर्थातच चुकीच्या ठिकाणी आणि सगळ्यांनी मिळून. माना हलत होत्या, च्-च् होत होतं, एका बाईंनी निकड नसताना कपाळावर मारून घेतलं. त्या सगळ्यांत एकटे आप्पा स्तब्ध होते. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर, मान ताठ. परक्याच्या मैफलीत बसावं तसे. आयुष्यभर मीटरवाल्याच्या पगारात शंभर गवयांना श्रीमंत करणारा माणूस, आणि मुलाच्या पहिल्या कार्यक्रमात त्याची मान हलत नव्हती. ओळख नाही म्हटल्यावर कशी हलणार?

तिसाव्या सुराच्या आसपास सुमितला कळलं, की आपण मोजत नाही आहोत. एकतिसावा की बत्तिसावा, चार झाले की सहा. सूर तसाच लांबत राहिला. फ्राऊ ओबर्लेंच्या भुवया वर गेल्या. त्याने वर पाहिलं, आणि त्याला पिशवीवर, 'सौभाग्य'च्या 'ग्य'वर, आप्पांच्या उजव्या हाताचं बोट दिसलं. बोट मोजत होतं. पाच, सहा, सात. आठला ते किंचित दाबलं गेलं आणि सुमितने सूर बदलला. चौघांची जमीन परत आली.

दोन महिने दोघं एका खोलीत राहत होते. सुमित रोज संध्याकाळी ते पन्नास सूर घोकायचा, आणि आप्पा खाटेवर डोळे मिटून पडलेले असायचे. सुमितला वाटायचं, ते झोपलेत.

उरलेले सगळे सूर त्याने त्या बोटाकडे बघून वाजवले. डोळ्यांत पाणी आल्यामुळे बोट दोन दिसायला लागलं, पण दोन्ही तालात होती.

रचना संपली. कुणी टाळी वाजवण्याआधी सुमित उठला. उठताना बाटली लवंडली आणि गडगडत पहिल्या रांगेपर्यंत गेली. आप्पांनी ती बुटाने अडवली.

"ते माझे वडील आहेत," सुमित जर्मनमध्ये म्हणाला. "सकाळी मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. मला त्यांची लाज वाटली म्हणून."

वाक्य छोटं होतं, क्रियापदापर्यंत सहज पोचलं. चर्चमध्ये पोटातले आवाजसुद्धा थांबले. मग तिसऱ्या रांगेतल्या एका आजींची मान हळूहळू डावी-उजवी हलायला लागली. च्-च्-च्, त्या म्हणाल्या. शेजारच्यांनी ते उचललं. बघता बघता सत्तर माणसं त्याच्याकडे बघून माना हलवत होती आणि च्-च्-च् करत होती, आणि मागचे चष्मेवाले आजोबा कपाळावर हात मारून म्हणाले, "अरेरेरे," अगदी स्वच्छ उच्चारात.

ही दाद होती की दुसरं काही, हे सुमितला कळायला मार्ग नव्हता. तो खाली मान घालून उभा राहिला, दोन्हींच्या तयारीने. आप्पांची मान अजूनही ताठच होती.

नंतर अंगणात सुमितने बाटली फ्राऊ ओबर्लेंना परत दिली. त्यांनी ती घेतली. नको नको म्हणण्याची पद्धत त्यांच्याकडे नव्हती.

"ही अनोळखी माणसाला केलेल्या मदतीसाठी होती," त्या म्हणाल्या. "तेव्हा बरोबर आहे." मग त्यांनी सांगितलं, "किल्लीचं पुढच्या बैठकीत बघू." आणि आप्पांच्या हातात त्यांनी रुबार्बच्या केकचा अख्खा डबा दिला, वाकून. आप्पा म्हणाले, "डांके." येन्स त्यांना सोडायला स्टेशनपर्यंत आला.

परतीच्या गाडीत दोघं समोरासमोर बसले. केकचा डबा आप्पांच्या मांडीवर, व्हायलची पेटी सुमितच्या. बाहेर मोहरीची शेतं पिवळी झाली होती, स्वेटरच्याच रंगाची. सुमितने तीनदा बोलायला सुरुवात केली आणि तीनदा पुढचं स्टेशन आलं.

"आईला काय सांगायचं?" शेवटी त्याने विचारलं.

"पुढं बसलो होतो म्हणून सांगेन. बाकी तुमचं तुम्ही बघा, साहेब."

तिकीट तपासणारी बाई आली. सुमितने खिशातून तिकीट काढून दिलं. तिने त्यावरचा दोन हा आकडा पाहिला, मग दोघांच्या शेजारच्या रिकाम्या जागा पाहिल्या, जिथे एकत्र आलेली माणसं बसली असती.

"तुम्ही दोघं एकत्र आहात का?" तिने विचारलं.

"जा," सुमित म्हणाला. फार मोठ्याने. डब्यातल्या दोघा-तिघांनी वळून पाहिलं.

बाईने खात्री करायला आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी केकच्या डब्यावर हात ठेवले, तिच्याकडे निवांत पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं, "नाइन."

बाई थांबली. तिने आप्पांकडे पाहिलं, सुमितकडे पाहिलं, परत आप्पांकडे पाहिलं. एक नाक डावीकडे वळत होतं आणि समोरचं नाकही डावीकडेच वळत होतं. तिने तिकीट सुमितला परत दिलं आणि ती पुढे गेली.

आप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. दोन स्टेशनं गेली.

"बघ," ते म्हणाले. "किती सोपा शब्द आहे."